उघड्या काँक्रीटमध्ये मुक्काम: कुठे राहावं, खोली कोणती मागावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबरमध्ये दहा दिवस फ्रान्सला चाललोय. मी, बायको आणि माझी ७२ वर्षांची आई. बायकोला ब्रुटॅलिस्ट इमारतींचं, म्हणजे उघड्या काँक्रीटच्या वास्तूंचं फार वेड आहे. दोन-तीन रात्री तरी अशाच इमारतीत राहायचं असा तिचा हट्ट आहे. मला भीती वाटते ती ओलीची, थंडीची आणि अंधाराची. अशी हॉटेलं खरंच राहण्याजोगी असतात का? निवड कशी करायची? आणि भारतात असं काही आहे का?

राहण्याजोगी असतात, आणि तुमच्या पत्नीचा हट्ट अगदी रास्त आहे. गेली अठ्ठावीस वर्षं मी आरसीसी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्ती करतो. हातोडीने कॉलम वाजवायचा, कुठे पोकळ वाजतंय ते ऐकायचं, सळई किती गंजली ते बघायचं, हे रोजचं काम. तरीही सुट्टीत मी उघड्या काँक्रीटच्या इमारतीच शोधत जातो, कारण त्या दिवसा बघून कळत नाहीत. संध्याकाळी भिंत तापलेली असते, पहाटे गार पडते, उजेड तिरपा आला की तिच्यावरचे फळ्यांचे ठसे उठून दिसतात. हे सगळं कळायला तिथे झोपावं लागतं.

निवड करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जिथे झोपणार आहे ती खोली मूळ नकाशातही झोपण्याचीच खोली होती का? उत्तर 'हो' असेल तर तुम्ही त्या वास्तूत राहता. 'नाही' असेल तर बाहेरून काँक्रीट बघता आणि आत इतर कुठल्याही हॉटेलसारख्या खोलीत झोपता. दोन्हीत गैर काही नाही, पण पैसे कशाचे मोजतोय ते आधी माहीत असावं.

शब्दाबद्दल एवढंच सांगतो. 'ब्रुटॅलिझम' ऐकून क्रौर्य डोळ्यांपुढे येतं, पण त्याचं मूळ फ्रेंच 'बेताँ ब्र्यूत' मध्ये आहे. त्याचा अर्थ कच्चं काँक्रीट. गिलावा नाही, रंग नाही, शटरिंग (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा) उतरवल्यावर जे दिसलं ते तसंच ठेवलेलं.

तुमच्यासाठी माझं पहिलं नाव मार्सेय. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची 'युनिते दाबितास्याँ' ही निवासी इमारत १९४७ ते १९५२ या काळात बांधली गेली. ३३७ फ्लॅट, साधारण सोळाशे माणसांची सोय, जवळजवळ १३७ मीटर लांब आणि ५६ मीटर उंच अशी एकच इमारत, जाडजूड खांबांवर जमिनीपासून उचललेली. गावातल्या लोकांनी तेव्हा तिला 'वेड्याचं घर' असं नाव ठेवलं होतं. २०१६ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्याच यादीत त्यानेच केलेलं आपल्या चंडीगढचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सही आहे. या इमारतीच्या मधल्या उंचीवर दुकानांचा एक मजला आहे आणि तिथेच २१ खोल्यांचं छोटं हॉटेल आहे. रहिवाशांकडे आलेल्या पाहुण्यांची सोय म्हणून ते मूळ आराखड्यातच होतं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे सरळ 'हो'.

आधी बेत पोलादी सांगाड्याचा होता. युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून काँक्रीट आलं. कामावर बरेच ठेकेदार, प्रत्येकाचं शटरिंग वेगळं, कारागिरांचा हात वेगळा. साच्यातून काँक्रीट बाहेर आलं तेव्हा कडा जुळत नव्हत्या, कुठे फळी सरकलेली, कुठे माल गळलेला. आपल्याकडे अशा वेळी साइटवर एकच वाक्य ऐकू येतं, "राहू द्या साहेब, प्लास्टरमध्ये निघून जाईल." तिथे ते निघून जाऊ दिलं नाही. कॉर्बुझिएने ते दोष झाकायचे नाहीत असं ठरवलं आणि त्या निर्णयातून पुढची पंचवीस-तीस वर्षं जगभर बांधण्याची एक रीतच तयार झाली.

पहिल्या मुक्कामात मी पहाटे खाली उतरून त्या खांबांजवळ गेलो होतो. वर रुंद, खाली निमुळते होत गेलेले हे खांब. त्यांवर उभ्या फळ्यांचे ठसे आहेत. एका ठिकाणी लाकडाची गाठ इतकी स्वच्छ उमटली आहे की तिची वलयं नखाने मोजता येतात. तिच्या शेजारी दोन फळ्यांचा सांधा घट्ट बसला नव्हता, तिथून सिमेंटचं पाणी निसटलं आणि बोटभर रुंदीत नुसती खडी दिसते. साइटवर याला आम्ही हनीकोंब म्हणतो आणि ठेकेदाराला तो फोडून भरायला लावतो. त्या सकाळी मात्र मी त्या खडीवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. सत्तर वर्षांपूर्वी कुणा सुताराने फळी ठोकताना केलेली ती चूक माझ्या बोटाखाली होती. गिलाव्याच्या इमारतीत कारागीर कायमचा पुसला जातो, इथे तो राहिला आहे.

आता खोली. हॉटेलात अगदी लहान, जहाजाच्या केबिनसारख्या खोल्याही आहेत आणि मोठ्याही. तिघं आहात, त्यातल्या एक वयस्क, तर लहान खोलीच्या वाटेला जाऊ नका. मोठी, बाल्कनी असलेली, पश्चिमेकडची खोली मागा. इमारतीच्या लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत, पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला समुद्र. संध्याकाळी सूर्य बाल्कनीच्या खोल कोनाड्यात शिरतो. त्या कोनाड्यांच्या बाजूच्या भिंती लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगवलेल्या आहेत आणि त्या रंगाचं प्रतिबिंब शेजारच्या करड्या काँक्रीटवर पडतं. तुमची अंधाराची भीती तिथे दहा मिनिटांत जाईल. कॉरिडॉर मात्र खरंच अंधारे आहेत. ते इमारतीच्या पोटात आहेत, त्यांना खिडकी नाही. फ्लॅट एकमेकांत अडकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार नेले आहेत, त्यामुळे दर तीन मजल्यांना एकच कॉरिडॉर लागतो. आईंना पहिल्यांदा हात धरून न्या, मग त्यांना सवय होईल.

छत ठेंगणं वाटेल. आपल्या फ्लॅटात साडेनऊ फुटांची सवय असते, इथे २.२६ मीटर, म्हणजे जेमतेम साडेसात फूट. हा आकडा कॉर्बुझिएच्या 'मोद्युलोर' या मापपद्धतीतला आहे. १.८३ मीटर उंचीच्या माणसाने हात वर केला की बोटं जिथे पोचतात ती उंची. माझी उंची पाच फूट आठ इंच. टाचा उचलल्या की माझी बोटं छताला लागतात. पहिल्या रात्री दडपल्यासारखं झालं. दुसऱ्या रात्री लक्षात आलं की छत खाली असल्यामुळेच नजर सारखी बाहेर जाते. म्हणून म्हणतो, एका रात्रीसाठी जाऊ नका, किमान दोन रात्री राहा.

सकाळी गच्चीवर जा. वायुवीजनाची मोठी धुराडी, मुलांसाठी उथळ हौद, पळायचा मार्ग आणि सगळीकडे उंच कठडे. उत्तरेकडून मिस्त्राल वारा सुटला असेल तर आईंना शाल घ्यायला सांगा. हा वारा थंड आणि कोरडा असतो, कानात शिरतो.

दुसरं ठिकाण हॉटेल नव्हे, मठ आहे. ल्यों शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर एव्यो गावात, टेकडीच्या उतारावर ला तुरेत हा डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे. हेही कॉर्बुझिएचंच काम, १९६० मध्ये पूर्ण झालेलं. मठवासी आजही तिथे राहतात आणि पाहुण्यांना रात्रीच्या मुक्कामाला खोल्या मिळतात. शंभर खोल्या, प्रत्येक १.८३ मीटर रुंद, ५.९२ मीटर लांब आणि उंची तीच २.२६. खोलीच्या मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले तर माझ्या बोटांपासून भिंत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच लांब राहते. एक पलंग, एक टेबल, एक बेसिन, पलीकडे स्वतःची छोटी बाल्कनी आणि तिच्यापुढे झाडी. भिंती खरबरीत. संडास-न्हाणी कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांची मिळून.

मी आयुष्यात जितक्या खोल्यांमध्ये झोपलो त्यांतली ही खोली मला सगळ्यात जास्त आठवते. तिथे काहीही जास्तीचं नाही आणि काही कमीही पडत नाही. संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन बसा. बाहेरून ती नुसती काँक्रीटची पेटी दिसते. आत शिरल्यावर भिंतीतल्या आडव्या फटींमधून रंगीत उजेड जमिनीवर येतो आणि बाजूच्या छोट्या वेदींवर छतातल्या गोल झरोक्यांतून खाली पडतो. मी खुर्ची सरकवली तर तो आवाज सगळ्या पेटीत फिरून बऱ्याच वेळाने शांत झाला. नंतर अर्धा तास मी हललो नाही. मठातल्या काचांच्या उभ्या पट्ट्या कुठे दाट, कुठे विरळ आहेत. ती मांडणी यानिस झेनाकिसची आहे, जो तेव्हा कॉर्बुझिएच्या कार्यालयात होता आणि पुढे संगीतकार म्हणून नावाजला. सकाळी कॉरिडॉरमधून चालताना सावल्यांचा तो ठेका पायाला जाणवतो.

पण तुमच्या आईंसाठी हा मुक्काम मी सुचवणार नाही. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला गार कॉरिडॉर ओलांडून जायला लावणं बरं नव्हे. शाकाहारी असाल तर जेवणाबद्दल आधी लेखी कळवा.

कार्यालयांची झालेली हॉटेलं म्हणजे माझ्या प्रश्नाचं 'नाही' वालं उत्तर. लंडनला सेंट पँक्रस स्टेशनसमोर कॅम्डेन टाउन हॉलची १९७४ ची पुरवणी इमारत होती, २०१९ पासून तिथे २६६ खोल्यांचं 'द स्टँडर्ड' आहे. गोलसर कोपऱ्यांच्या खिडक्या, साच्यात ओतून आणलेले पॅनल, बाहेरच्या भिंतीवरून चढणारी लाल लिफ्ट. बघायला छान, पण खोलीत काँक्रीटशी गाठ पडत नाही. अमेरिकेत न्यू हेवनला वास्तुविशारद मार्सेल ब्रॉयरने आर्मस्ट्राँग रबर कंपनीसाठी केलेली इमारत आहे, १९७० ची. खालच्या आणि वरच्या ठोकळ्यामध्ये दोन मजल्यांची मोकळी पोकळी सोडलेली, प्रयोगशाळेचा आवाज वरच्या कार्यालयांत जाऊ नये म्हणून. मधल्या काळात ती ओस पडली, खालच्या ठोकळ्याचा बराच भाग पाडून तिथे पार्किंग झालं. २०२२ मध्ये तिचं 'हॉटेल मार्सेल' झालं. १६५ खोल्या, तिहेरी काचांच्या खिडक्या, छतावर आणि पार्किंगवर सौर पॅनल. न्यू जर्सीला भाचीकडे गेलो होतो तेव्हा एक रात्र तिथे काढली. शेजारून महामार्ग जातो तरी खोलीत काही ऐकू येत नव्हतं. दुरुस्तीवाल्याच्या नजरेने बघितलं तर हे काम फार मोलाचं आहे. जुनी काँक्रीट इमारत पाडावीच लागते असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिथे नेऊन उभं करावं. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या मराठी मंडळींना मी ते आवर्जून सांगतो.

आता तुमची ओल आणि थंडी. काँक्रीट विटेपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं. जुन्या इमारतींत आतला स्लॅब सलग बाहेर जाऊन त्याचीच बाल्कनी झालेली असते, मध्ये कुठे अटकाव नसतो. हिवाळ्यात बाहेरची थंडी त्या स्लॅबमधून आत येते आणि खोलीचा बाहेरचा कोपरा सगळ्यात गार पडतो. आतली दमट हवा तिथे टेकली की पाणी सुटतं आणि बुरशी धरते. बहुतेक वेळा लोक ज्याला गळती म्हणतात ती ही असते. खोली ताब्यात घेताना बाहेरच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्याला हाताची मागची बाजू लावा. तळव्यापेक्षा ती बाजू जास्त खरं सांगते. कपाटामागे नाक नेऊन वास घ्या. कोपरा गार पण कोरडा असेल तर खुशाल राहा. चिकट लागला किंवा जुन्या गोणपाटासारखा वास आला तर त्याच वेळी दुसरी खोली मागा, सामान उघडण्याआधी.

उन्हाळ्यात उलटं होतं. नऊ-दहा इंची काँक्रीटच्या भिंतीवर दुपारी पडलेलं ऊन आत पोचायला सहा तासांच्या आसपास लागतात. चारचं ऊन रात्री दहाला उशाशी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये मार्सेयला पश्चिमेची खोली घेऊ नका असं मी याच कारणाने सांगतो. ऑक्टोबरमध्ये तीच ऊब हवीशी वाटते.

आवाजाचंही असंच दुहेरी आहे. जड भिंत बोलण्याचा आवाज चांगला अडवते, पण खुर्ची ओढली, टाच आपटली की तो धक्का सलग काँक्रीटमधून दोन खोल्या पलीकडे जातो. मार्सेयला फ्लॅट सांगाड्यात बसवताना शिशाच्या पट्ट्या घातल्या होत्या त्या यासाठीच. तिघांसाठी मऊ तळाच्या सपाता न्या, शेजाऱ्यांवर उपकार होतील. आणि वायफाय काँक्रीट आणि सळईतून नीट जात नाही, नकाशे आधी फोनवर उतरवून ठेवा.

भिंतीवर दोन रंग बघायला शिका. पांढरे ओघळ दिसले तर तो लोणा. पाणी काँक्रीटमधून वाट काढतंय आणि चुना बाहेर आणतंय. मुक्कामाला त्याने धोका नाही. तांबूस, सरळ रेषेतले डाग किंवा चीर दिसली तर आत सळई गंजते आहे. गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा छज्जाखाली किंवा बाल्कनीखाली उभं राहू नका, खोली आत कितीही सुंदर असो.

हे मी कोकणात जवळून पाहिलं आहे. समुद्रापासून दोनशे पावलांवर एक पाहुणेघर, सगळं उघडं काँक्रीट, मालकाने हौसेने बांधलेलं. नऊ वर्षांत बाल्कनीच्या तळाला तांबड्या रेषा आल्या म्हणून मला बोलावलं. सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, मोजलं तर १८ मिलिमीटर भरलं. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकात किमान ४५ सांगितलं आहे. फोडून पाहिलं तर सळईखाली कव्हरचे ठोकळेच नव्हते, फुटक्या फरशीचे तुकडे सरकवले होते. मालक काही न बोलता ते तुकडे हातात घेऊन बघत राहिला. उघडं काँक्रीट ही स्वस्तातली गोष्ट नाही. गिलावा नसेल तर त्याच्या आतलं प्रत्येक काम दुप्पट जपून करावं लागतं, आणि हे मी घर बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

भारताबद्दल विचारलंत. दिल्लीत चाणक्यपुरीला अकबर हॉटेल होतं, १९६५ ते १९६९ मध्ये बांधलेलं. वास्तुविशारद शिवनाथ प्रसाद, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. मार्सेयच्या इमारतीची छाया त्यावर उघड दिसते. महेंद्र राज तरुणपणी चंडीगढला हायकोर्ट आणि सचिवालयाच्या कामावर होते, म्हणजे हा हात थेट तिथून आलेला. आज ती इमारत अकबर भवन आहे, तिथे कार्यालयं आहेत, मुक्काम करता येत नाही. याच महेंद्र राज यांनी वास्तुविशारद राज रेवाल यांच्याबरोबर उभारलेलं प्रगती मैदानावरचं प्रदर्शन-दालन, हॉल ऑफ नेशन्स, २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडलं गेलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला काम सुचलं नाही. उरलेलं बघायचं तर चंडीगढला जा, कॅपिटॉल कॉम्प्लेक्सची मार्गदर्शकाबरोबर फेरी मिळते. मुक्काम मात्र साध्या हॉटेलातच करावा लागेल.

तुमच्या दहा दिवसांत मी असं बसवीन. आधी मार्सेयला तीन रात्री, तिघांनी. आरक्षण करतानाच लिहा: "पश्चिमेची, बाल्कनीची, मोठी खोली, सोबत वयस्क आई." मग जलद रेल्वेने पावणेदोन तासांत ल्यों. तिथे आईंसाठी लिफ्ट असलेलं साधं हॉटेल घ्या आणि तुम्ही त्यांच्याजवळ राहा. पत्नीला एक रात्र एकटीने ला तुरेतला जाऊ द्या, ती खोली तशीही एकट्या माणसासाठीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं ल्योंहून मठाजवळच्या लार्ब्रेलपर्यंत लोकल गाडीने या. स्टेशनपासून वर अर्ध्या तासाचा चढ आहे, आईंना टॅक्सी करा. मठ आतून बघायचा असेल तर फेरीची वेळ आधीच ठरवून ठेवा. आणि इमारतीभोवती उताराच्या बाजूने एकदा फिरून या. वरची कड सरळ आडवी आहे आणि जमीन खाली उतरत जाते तसे खांब लांब होत जातात. ते फक्त खालून दिसतं.